धुडकूदादांचा पहिला नारळ

१

सोमवारी सकाळी चौरंगावर नथ होती, साज होता, हिरव्या बांगड्या होत्या. लुगडंही होतं, नीट घडी घातलेलं. फक्त देवी नव्हती.

सुरतेच्या लिंबायतमधल्या धुडकूदादांच्या घरी कानबाई म्हणजे एक नारळ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरं, मग ती कुठेही जाऊन वसलेली असोत, कानबाई मांडतात. बरीच घरं दरवर्षी नवा नारळ आणतात. दादांकडे मात्र तोच, त्यांच्या आजीने अमळनेरकडच्या गावाहून पदरात बांधून आणलेला. सोमवारी त्याला वाजतगाजत तापीवर नेऊन स्नान घालायचं आणि परत आणून वर्षभर देव्हाऱ्यात ठेवायचं. सुरतेत आल्यावर दादांची भाड्याची घरं बदलली, मालक बदलले. नारळ बदलला नाही.

रात्रभर गाणी म्हणून बायका पहाटे होत्या तिथेच आडव्या झाल्या. उजाडताना दादांचा पुतण्या लखन उठला आणि त्याने रिकामा चौरंग पाहिला. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. लखनने आधी फोन काढला.

लखन साड्यांची पार्सलं बांधतो, पण ओळख विचारली तर ‘खान्देशी डरकाळी, सुरत’ या आपल्या पानाचं नाव सांगतो. चौरंगासमोर उभा राहून त्याने लाइव्ह केलं, “भावांनो, आपली आई चोरीला गेली!” मग आदल्या संध्याकाळची नऊ सेकंदांची क्लिप टाकली. तीत गल्लीच्या तोंडाशी राहणारे भूपेंद्रभाई मांडवासमोर हात हलवत ओरडत होते, “उठावी लो आ बधुं!” म्हणजे, उचला हे सगळं.

यापुढे पुरावा लागतो असं मानणारे लोक त्या वेळी बहुधा झोपलेले होते. चहा होईपर्यंत क्लिप धुळ्याला पोचली, नाश्त्यापर्यंत कुवेतला. बत्तीस हजार अंगठे उठले. लखनने मग कार्यक्रम जाहीर केला. संध्याकाळी पाच वाजता पर्वत पाटियाच्या चौकात जमायचं. प्रत्येक घराने हळद-कुंकू लावलेला एक नारळ द्यायचा. तो तिथल्या भूपेंद्रच्या खात्याच्या, म्हणजे कारखान्याच्या दारात फोडायचा. नारळ संपल्यावर काय फोडायचं ते तिथे ठरवू.

या शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त लाल हृदयं मिळाली.

२

भूपेंद्रभाई आधी चौकीत गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की अजून काही घडलेलं नाही, घडलं की या. तेव्हा ते उषाबाई बैसाणेंकडे आले.

उषाबाई पालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. लिंबायतमधल्या चाळिशीच्या आतल्या निम्म्या कानांना त्यांची बोटं माहीत होती. लखनच्या दोन्ही कानांना होती.

“बेन, मी नारळ चोरणार?” भूपेंद्रभाई रुमालाने मान पुसत म्हणाले. “माझं एम्ब्रॉयडरीचं खातं. निम्म्या बाया तुमच्या खान्देशच्या. मशीन फोडली तर त्या काय खाणार, मी काय खाणार?”

“नवव्या सेकंदानंतर काय बोललात?”

“बोललो की बा, माझी आई, आजारी छे. हे टेबल, स्पीकर उचला, थोडं आघे, लांब घ्या. मग मी पण दर्शनाला येतो.”

“आलात?”

“आलो ने! दादांच्या शोभाबेनने खीर दिली. रोट नाही दिला.”

“तो मलाही देत नाहीत. तीस वर्षं नुसता वास घेतेय.” कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची गव्हाची जाड पोळी, भाऊबंदांनीच खायचा असतो. बाहेरच्याला घास द्यायचा नाही आणि उरला तर टाकायचाही नाही.

उषाबाईंनी लखनचा व्हिडिओ लावला आणि आवाज बंद केला. आवाज नसला की चिडता येत नाही, नाइलाजाने बघावं लागतं. त्यांनी एकदा पाहिला, पुन्हा पाहिला आणि तिसऱ्यांदा बोटाने थांबवला.

“ही समई बघा. रात्रभर जळलीय आणि तेल काठोकाठ.”

“तो? त्यात काय?”

“चोर तेल घालून गेला. आणि हे बघा, जिथे नारळ होता तिथे तांदळावर सुपारी. देवाची जागा मोकळी राहू नये म्हणून ठेवतात. परत आणायचा असतो तेव्हाच ठेवतात.”

भूपेंद्रभाई पडद्याकडे पाहत राहिले. लखनच्या रडक्या चेहऱ्याच्या मागे सुपारी स्पष्ट दिसत होती. बत्तीस हजारांना ती दिसली नव्हती.

“म्हणजे घरचाच माणूस! बेन, चला, त्यांना सांगा.”

“सांगून ऐकतील? नारळ दाखवावा लागेल.” उषाबाईंनी पायात चपला सरकवल्या. “आणि तो परत यायला निघाला होता, तर मग आला का नाही?”

३

मांडवात नारळांची पोती भरली जात होती. एका पोत्याशी स्वतः धुडकूदादा बसले होते. साठी उलटलेला, उंच, शब्दाला पक्का माणूस. इतका पक्का, की उषाबाईंशी त्यांनी तीन वर्षांत शब्द काढला नव्हता. त्यांचा मुलगा योगेंद्र याने जातीबाहेरच्या चैतालीशी लग्न केलं. दोघं उषाबाईंच्या वर्गात एका बाकावर बसत. तेव्हा बाक ज्यांनी नेमून दिला, त्या दोषी. मुलाला दादांनी सांगितलं होतं, माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही आणि मीही तुझ्या उंबऱ्यात ठेवणार नाही. तो तापीपलीकडे कोसाडला राहायला गेला. तेव्हापासून दोघांनी आपापला उंबरा सांभाळला होता.

दादांनी पोत्यातला एक नारळ उचलला, कानाजवळ नेला आणि खाली ठेवला. मग दुसरा उचलला.

“सकाळपासून असंच चाललंय,” पोत्यांवर पहारा करणारा वाल्मिक हळूच म्हणाला. “नारळाशी बोलताहेत. धक्का बसलाय, बाई.”

दादांचे पाय अनवाणी होते. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल.

“सकाळी कुठे गेला होतात, दादा?”

दादा बत्तीस हजारांदेखत गप्प बसले असते, पण बाईंनी विचारल्यावर तीन वर्षांचा अबोलाही टिकला नाही. “तापीवर. आईले शोधाले.”

“अनवाणी?”

“घाईमा.”

दाराशी त्यांच्या चपला जोडीने ठेवलेल्या होत्या, कोरड्या. घाईत निघालेल्या माणसाने इतक्या सरळ ठेवलेल्या चपला उषाबाईंनी प्रथमच पाहिल्या.

आत दादांच्या पत्नी शोभाबाई चुलीशी बसून होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना तिथून मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागे.

“तुम्हाला कधी कळलं, शोभाबाई?”

“लखननी बोंब उनी तवय. मी ते झोपेल व्हतू.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “दर साली मांडाना पह्यले मी तिले कानले लावस, बाई. जुना नारळ, मझार पानी नही. गोटा सुटेल शे. खुळखुळ वाजस. आम्ही म्हनतस, आई बोलनी. औंदा बी बोलनी. अशी न सांगता जाई का ती?”

उषाबाईंची नजर डब्याकडे गेली. डबा रोटांनी भरलेला होता, झाकण बसत नव्हतं.

“एवढे?”

शोभाबाई दचकल्या. मग दाराकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाल्या, “घरना जितला पुरुष, तितल्या मुठी गहू. प्रत्येकना नावना रोट. योगेंद्रनी मूठ टाकानी नही, आसं यास्नी सांगेल व्हतं. तीन वरीस झायात.”

“आणि तुम्ही?”

“टाकी दिधी.” त्यांनी डब्याचं झाकण दाबून पाहिलं. “पन मी एकच टाकेल व्हती, बाई. रोट तीन जास्त व्हयनात. आईनी बरकत.”

“बरकत नाही,” उषाबाई उठत म्हणाल्या. “तुमच्याशिवाय आणखी कोणीतरी गव्हात हात घातलाय. आणि त्याने दोन मुठी टाकल्यात. एक योगेंद्रची धरू. दुसरी कोणाची?”

४

लखन ओट्यावर बसून दोन फोन एकाच चार्जरवर आळीपाळीने लावत होता.

“लखन, सुपारी कुठाय?”

“कसली सुपारी, बाई?”

“चौरंगावरची. तुझ्याच व्हिडिओतली.”

लखनने खिसा चाचपला. “ती होय? बारीक होती. तोंडात टाकली मी. झोप येत होती.”

पुरावा असा पचलेला पाहून उषाबाईंनी डोळे मिटले. “तुला यातून काय मिळणार आहे?”

“बाई, हा समाजाचा आक्रोश आहे. सोशल मीडियावर नुसतं बोंबलतात म्हणून आपल्याला हसतात ना? आज रस्त्यावर उतरून दाखवतो. अकरा हजारांनी ‘येतोय’ लिहिलंय.”

“त्यातला पहिला कुवेतला आहे.”

“त्याचा आत्मा येईल.”

“दुसरा?”

“तो इथलाच आहे. त्याची आज दुसरी पाळी आहे.” लखनचा आवाज उतरला. पण लगेच त्याने फोन पुढे केला. “हे बघा! काकांनी कसं पेटवलं सगळ्यांना! याला सगळ्यात जास्त व्ह्यूज आहेत.”

व्हिडिओचं नाव होतं ‘पहिला नारळ धुडकूदादांचा’. सकाळची वेळ. गल्ली माणसांनी आणि फोनांनी भरलेली. रिक्षा थांबते त्या टोकाकडून दादा येताहेत, अनवाणी, छातीशी कापडी पिशवी धरून. गर्दी पाहून ते थबकतात. तेवढ्यात वाल्मिक धावत जातो, पिशवीत डोकावतो आणि आतला हळद-कुंकवाचा नारळ वर काढून ओरडतो, “दादांनी पहिला नारळ दिला!” शिट्ट्या, टाळ्या. नारळ हातोहात जाऊन पोत्यात पडतो. आणि दादांचा हात तसाच पुढे राहतो, काहीतरी मागत असल्यासारखा. मग गळ्यात हार पडतो आणि हात खाली येतो.

उषाबाईंनी तो हात पडद्यावर बराच वेळ थांबवून ठेवला.

मग स्वतःचा फोन काढला. शाळेतली पोरं मोठी झाली की लग्न, फ्लॅट आणि बाळ या तिन्ही बातम्या बाईंना आधी कळवतात. महिन्याभरापूर्वी योगेंद्रने एक फोटो टाकला होता. दुपट्यातलं बाळ, डोळे मिटलेलं, मूठ वळलेली. त्याखालच्या अंगठ्यांच्या यादीवरून उषाबाई बोट सरकवत गेल्या. सगळ्यात खाली एक नाव होतं. त्या माणसाच्या पानावर स्वतःचा फोटो नव्हता, एक शब्द लिहिलेला नव्हता. आयुष्यात त्याने एकच अंगठा उठवला होता. चुकून उठला असेल, आणि काढायचा कसा हे कोणाला विचारता आलं नसेल.

बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

“पोती?” उषाबाई ओरडल्या.

“निघाली बाई, पर्वत पाटियाला. काका पण चढले टेम्पोत. नको म्हटलं तरी पोतं सोडेनात.”

“लखन, त्या पोत्यात तुमची कानबाई आहे. आणि तू ती फोडायला पाठवलीस.”

५

रिक्षात मागे उषाबाई आणि शोभाबाई, पुढे रिक्षावाल्याच्या अर्ध्या सीटवर लखन. आयुष्यात प्रथमच त्याला काही पोस्ट करावंसं वाटत नव्हतं.

“तेल घालणारा, सुपारी ठेवणारा माणूस घरातला,” उषाबाई शोभाबाईंना सांगत होत्या. “कानबाई नेणारा पायात चपला घालत नाही. त्याने त्या काढून जोडीने ठेवल्या आणि निघाला. तापीवर शोधायला जाणारा पिशवी छातीशी धरत नाही. आणि जो येणाऱ्याजाणाऱ्याचे नारळ कानाला लावतो, त्याला वेड लागलेलं नाही. त्याला ठाऊक आहे की त्यातला एक बोलतो.”

“हाऊ मानूस?” शोभाबाई वळून म्हणाल्या. “पन कोठे लई गया व्हता तिले?”

“तुम्ही म्हणालात ना, रोट तीन जास्त झाले? एक मूठ तुम्ही टाकलीत. योगेंद्रची त्यांनीही टाकली. एकाच माणसाची दोनदा पडली. तिसरी याची.”

त्यांनी फोन शोभाबाईंच्या हातात दिला.

शोभाबाईंनी पडद्यावरच्या वळलेल्या मुठीवरून बोट फिरवलं. फोटो मोठा झाला. त्या घाबरल्या, मग हसल्या, मग पुन्हा फिरवलं. पर्वत पाटिया येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

चौकात अकरा हजारांपैकी दीडशे जण होते, रिक्षेची वाट पाहणारे धरून. पण फोडायला दीडशे पुरतात. डीजेची गाडी वेळेवर आली होती. भूपेंद्रभाई अर्ध्या ओढलेल्या शटरसमोर उभे होते, आणि त्यांच्या पुढे खात्यातल्या बायका, कमरेला पदर खोचून. त्यातल्या एकीने मोर्चातल्या आपल्याच नवऱ्याला ओळखलं होतं आणि ती त्याला नावानिशी घरी बोलावत होती.

धुडकूदादा टेम्पोत पोत्याला कवटाळून बसले होते. पोरांनी जयजयकार करत त्यांना उचलून खाली ठेवलं आणि पोतं रिकामं केलं. नारळ रस्त्यावर घरंगळले. वाल्मिकने एक उचलला, डोक्यावर नेला.

“वाल्मिक! हात खाली!”

वाल्मिकचा हात खाली आला. त्या हाताला शाळेपासूनची सवय होती.

उषाबाई दादांजवळ गेल्या. हळूच म्हणाल्या, “तुम्ही कोणाकडे गेला होतात, ते मी नाही सांगणार. पण इथे काय पडलंय ते तुम्ही सांगा. नाहीतर हा पोरगा आत्ता तुमच्या आजीचा नारळ फोडेल.”

दादांनी शोभाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. लखनचा माइक कोणीतरी त्यांच्या तोंडासमोर धरलाच होता.

“मीच आईले लई गयथू,” दादा म्हणाले.

डीजेवाल्याने आवाज बंद केला.

“कोसाडले नातू व्हयना मना. त्याना बापले मी सांगेल व्हतं, मना उंबरामा पाय ठेवानं नही. मंग त्या पोऱ्याले आई कशी दिसी? म्हनीसन आईलेच लई गऊ.” त्यांनी आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. “मी काही त्यास्ना घरमा गऊ नही. जिनावरच उभा राहिनू. सून पोऱ्याले भायेर लई उनी. त्यानी आईले हात लावा. मी लगेच फिरनू. परत उनू ते तुम्ही बठ्ठा गल्लीमा. मना हातमातून नारळ लिधा आनी माले हार घाला.”

लाइव्ह चालूच होतं. ‘दादांवर दबाव आहे,’ एकाने लिहिलं. ‘स्क्रिप्टेड,’ दुसऱ्याने. कुवेतहून आलं, ‘तरीपण एकदा फोडाच.’

चौकातल्या दीडशे माणसांना मात्र एकदम उमगलं, की पायाशी पडलेल्यांपैकी एक नारळ नारळ नाही. जो तो होता तिथे, एक पाय उचललेला असला तर तोही तसाच ठेवून, थिजला.

“उचला एकेक,” उषाबाई वर्गात बोलावं तशा बोलल्या. “हळू. कानाला लावा आणि हलवा. पाणी वाजलं तर बाजूला ठेवा. आणि गप्प बसा, नाहीतर ऐकू यायचं नाही.”

मग पर्वत पाटियाच्या चौकात असं झालं, की कपाळाला पट्ट्या बांधलेली, घसे बसलेली ती सगळी पोरं नारळ कानाला लावून, माना कलत्या करून उभी राहिली. हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोवाल्यालाही कोणीतरी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. रहदारीतल्या पोलिसाने विचारलं काय चाललंय, तेव्हा त्याच्याही हातात एक देण्यात आला. डुबुक. डुबुक. सगळीकडे पाणी.

एक नारळ पार शटरपाशी घरंगळत गेला होता. भूपेंद्रभाईंनी तो उचलला, कानाला लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“बेन,” ते कुजबुजले, “आमां पाणी नथी. कोई बोले छे.”

शोभाबाई कोणाचा हात न धरता रस्ता ओलांडून आल्या. नारळ घेतला, कानाशी नेला. खुळखुळ. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा हलवला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि नारळ त्यांच्या कानाला लावला.

“आईका,” त्या म्हणाल्या. “काय म्हनस ती?”

दादांनी नारळ दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी धरला.

डीजे आलेला होता, माणसं आलेली होती, नारळही होता. मोर्चा तसाच तापीकडे वळला. भूपेंद्रभाई पुढे चालत होते आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून आवाज कमी करायला सांगत होते. त्यांची क्लिप या वेळी कोणी काढली नाही.

६

आईला स्नान घालून परत आणलं तेव्हा अजून उजेड होता. उषाबाई निघाल्या, तसे दादा दारापर्यंत आले. तीन वर्षांचं न बोलणं एका दिवसात संपवायची त्यांना सवय नव्हती.

“बाई, ते तीन रोट उरेल शेतस.”

“ठाऊक आहे.”

“टाकता येतस नही. भायेरनास्ले देता येतस नही. पुनवना आत खपाडना पडतस.”

“मग ज्यांच्या नावाचे आहेत त्यांना बोलवा.”

“सबद दिधेल शे मी. उंबरामा पाय नही.”

उषाबाईंनी ओट्याकडे पाहिलं. दादांनीही पाहिलं. ओटा उंबऱ्याच्या बाहेर होता. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, किंवा आली असेल.

त्यांनी लखनला हाक मारली. फोन पुढे धरला आणि त्या बाळाच्या फोटोखाली कसं लिहायचं ते विचारलं. लखनने सांगितलं. दादांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहिलं, ‘रोट शे. ओटावर बसूत.’

लखनने सवयीने विचारलं, “शेअर करू, काका?”

“कर्शी ते हात मोडसू,” काका म्हणाले.

शोभाबाईंनी ओट्यावर दोन पाट मांडले. दोन पानांत रोट वाढले. योगेंद्रच्या नावाचे दोन, कारण त्याची मूठ दोनदा पडली होती. तिसरा त्यांनी वाटीभर दुधात कुस्करला आणि वाटी मध्ये ठेवली. महिन्याच्या बाळाने रोट कसा खायचा हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही.

दादा ओट्याच्या कडेला गल्लीकडे पाठ करून बसले. आपण वाट पाहतोय असं कोणाला वाटू नये. मांडीवर फोन होता, पडदा काळा झालेला. पण उषाबाई बारकाईने बघणाऱ्या. जाताना त्यांना दिसलं, की दादांनी फोन जरा तिरपा धरलाय, आणि त्या काळ्या काचेत मागची सगळी गल्ली दिसतेय, पार टोकापर्यंत, जिथे रिक्षा थांबतात.